पुराच्या कामाचा पगार

नदीनं धोक्याची पातळी ओलांडली की माझ्यासारख्यांना काम मिळतं. पूरग्रस्त गावांत पिण्याच्या पाण्याचं काम करणाऱ्या संस्थांमध्ये मी नोकरी करतो. आमचा करार प्रकल्पापुरता आणि प्रकल्प आपत्तीपुरता. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. शिरोळ तालुक्यात ज्या पाण्यानं लोकांची जनावरं, धान्य आणि उभा ऊस नेला, त्याच पाण्यामुळे माझ्या मुलीच्या शाळेची फी भरली गेली. पुण्या-मुंबईहून तरुण पदरमोड करून, रजा टाकून मदतीला आले होते. त्यांच्यासमोर पगाराचा विषय निघाला की मी मान खाली घालायचो.

पाणी ओसरल्यावर विहिरींचं काम सुरू होतं. पंप लावून घाण पाणी काढायचं, गाळ उपसायचा, कठडा घासायचा, नवं पाणी भरलं की मापानं टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची. मग थांबून ओटी चाचणी घ्यायची: परीक्षानळीतल्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. आज रंग आला म्हणून उद्या येईलच असं नसतं. झरे गढूळ असले तर क्लोरीन रातोरात संपतो. म्हणून रोज जावं लागतं, आठवड्यांमागून आठवडे. तोवर बिस्किटांचे, कपड्यांचे ट्रक परतलेले असतात. स्वयंसेवकांचीही रजा संपते, त्यात त्यांचा दोष नाही.

अशाच एका विहिरीवर एका आजींनी विचारलं, "पगार हाय न्हवं तुला?" मी हो म्हणालो. "मग पानी बिघडलं तर तुलाच धरनार."

त्यांचं बोलणं मला पटलं. दान घेणाऱ्याला आभार मानावे लागतात. पगारी माणसाला मात्र जाब विचारता येतो. सगळं गमावलेल्या माणसाकडे जाब विचारायचा हा हक्क तरी उरला पाहिजे. तो माझ्या पगारामुळे उरत असेल, तर त्या पगाराची लाज बाळगायचं कारण नाही.

लाज वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याला महिन्याचा पगार, आणि गावातल्या बायकांनी गाळ उपसला तर ते 'आपल्याच गावासाठी श्रमदान'! त्यांचंही घर पुरात गेलेलं असतं, त्यांचाही रोजगार बुडालेला असतो. त्यांची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत यायला हवी. हे मी आता प्रत्येक बैठकीत मांडतो आणि मान्य होईपर्यंत उठत नाही.

पुढच्या पुरात तुम्ही देणगी द्याल, तेव्हा पगारावर एकही रुपया जाऊ नये असा आग्रह धरू नका. पगार कोणाला दिला, किती दिला, त्यात गावातली माणसं किती होती आणि महिन्याभरानंतर विहिरीचं पाणी कोणी तपासलं, हे मात्र जरूर विचारा.