अडलं कुठं?

चंद्रपूरला पडोलीच्या चौकात कोळशाच्या ट्रकांमागे थांबावं लागलं की माझी नजर नंबरप्लेटांवर जाते. चार अंक दिसले की ते आधी उतरत्या क्रमानं मांडायचे, मग चढत्या क्रमानं, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि पुढं काही बदलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४च उरतात. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना हे १९४९ साली सापडलं. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथं मास्तरच होते. गणितातल्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष देवळालीकडे गेलं. मीही शाळेत गणित शिकवतो, म्हणून हे नाव घेताना मला जरा जास्तच आपुलकी वाटते.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘३४३३’. चंद्रपूरच्या गाड्या एमएच ३४, गडचिरोलीच्या एमएच ३३. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता, आणि आम्ही सहाही जण त्या एका जिल्ह्यात जन्मलेले, चंद्रपूरला एकाच बाकावर बीएस्सी केलेले. आता एक जण ऊर्जानगरला राहतो, थर्मल वीज केंद्रात पाळीवर जातो. एकाचं बल्लारपूरला दुकान आहे. एक मोहर्लीकडे वनरक्षक, एक पुण्यात कॉम्प्युटरवर, आणि आमची मैत्रीण भामरागड तालुक्यात शिक्षिका. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या ग्रुप सुरू झाला. ३४३३ चं काय होतं तेही सांगतो: ४३३३ वजा ३३३४, उरले ९९९. इथं पुष्कळ जण चुकतात. ते ०९९९ असं लिहायचं, पुढचं शून्य सांभाळायचं. मग ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. त्यापुढं ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पाच पायऱ्या.

ग्रुपवर नियम एकच. उत्तर पाठवायचं नाही, अडलं कुठं ते पाठवायचं.

हा नियम ठरवून झालेला नाही, रेंजनं लावलेला आहे. भामरागडला सकाळी टाकलेला मेसेज संध्याकाळी पोचतो, पावसाळ्यात कधी तिसऱ्या दिवशी. पर्लकोटा नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेलं की गावाशी संपर्कच तुटतो. सुरुवातीला पुण्याचा मित्र दहा मिनिटांत कोडं सोडवून उत्तर टाकायचा. तिकडं मैत्रिणीला रेंज मिळायची तेव्हा कोडं आणि उत्तर दोन्ही एकदमच उघडायची. एकदा तिनं लिहिलं, “माझ्या वाट्याला तुम्ही काहीच ठेवत नाही.” त्या दिवसापासून आम्ही उत्तरं झाकून ठेवायला लागलो. नंतर लक्षात आलं की तिच्यासाठी सुरू केलेली गोष्ट आम्हा सगळ्यांनाच लागत होती.

कारण उत्तरानं बोलणं थांबतं. ‘आलं’ असं कुणी लिहिलं की बाकीचे गप्प होतात. ‘अडलो’ असं कुणी लिहिलं की पाच जण त्याच्या शेजारी येऊन बसतात. कापरेकरांच्या संख्येचंच बघा. सातच पायऱ्या का पुरतात, हे आपलं आपण तपासायचं, कुठं शोधायचं नाही, असं ठरलं होतं. रात्रपाळीवरून थर्मलवाल्याचा मेसेज आला: “अडलो. दहा हजार संख्या तपासायच्या का बे?” निव्वळ कंटाळ्याची तक्रार होती ती. पण बल्लारपूरवाल्यानं त्यावर लिहिलं की आपणही अडलोय, ३४३३ चे ९९९ आले आणि ५४५५ चेही ९९९च, दोन वेगळ्या संख्या एकाच घरात कशा शिरतात? दोघांच्या अडण्याच्या मधोमध वाट होती. पहिल्या वजाबाकीला संख्या कोणती याच्याशी देणंघेणंच नाही. तिला दोनच गोष्टी लागतात: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ नं गुणा, दुसऱ्याला ९० नं, बेरीज करा. पहिला फरक १ ते ९, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही. मोजल्या तर अशा जोड्या ५४ भरतात. दहा हजारांचं ओझं चोपन्नावर आलं.

सहा माणसं, चोपन्न जोड्या. फरक ९ च्या दहा, ८ च्या नऊ, ७ च्या आठ, असं उतरत जातं. तीन वाटे तर हेच झाले. उरलेल्यांत ६ बरोबर १, ५ बरोबर २, ४ बरोबर ३ असे जोडले की प्रत्येक वाटा नेमका नवाचा. घरात धान्य वाटताना आजी करायची तशी ही वाटणी मला अजून आवडते. भामरागडच्या वाट्याला ६ आणि १ आले.

तिनं तिच्या नऊ जोड्या व्हॉइस मेसेजवर सांगितल्या. टायपिंगपेक्षा बोलणं लवकर होतं. फरक १ आणि ०: “शून्य नऊशे नव्व्याण्णव, मग एकोण...” आणि तिथं आवाज तुटला. पुढं “...एक्क्याण्णव” ऐकू आलं. मधलं आमच्यापैकी कुणालाच नीट कळलं नाही. पुण्याच्या मित्राला ‘एकोणऐंशी’ वाटलं, त्यानं तक्त्यात ७९९१ लिहिलं आणि पुढच्या वजाबाक्या केल्या: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. मोजल्या तर आठ पायऱ्या. सात नाही, आठ! रात्री साडेअकराला ग्रुप पेटला. देवळालीच्या मास्तरांचं चुकलं की आमचं? छाती धडधडत होती, हे मी आजही सांगतो. थर्मलवाला पाळी सोडून येऊ शकत नव्हता, पण पाण्याच्या टाकीजवळ रेंज धरून उभा होता.

चूक पकडली वनरक्षकानं. त्याच्या वडिलांना दुकानाची वही लिहायची सवय होती, आणि प्रत्येक हिशेबाला नवाचा ताळा घेण्याची. त्यानं एवढंच विचारलं: “ताळा घेतला का?” तेच अंक उलटसुलट करून केलेली वजाबाकी नवाच्या पाढ्यातच येते. ७, ९, ९, १ यांची बेरीज २६. नवात बसत नाही. म्हणजे ही संख्या मुळात अशा कोणत्याही वजाबाकीतून येऊच शकत नाही. ८९९१ ची बेरीज २७. तिनं म्हटलं होतं ‘एकोणनव्वद’. पाच पायऱ्यांचा सरळ मार्ग.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असं वाचण्याची पद्धत आली, तेव्हा मोठा वाद झाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या. त्या वेळी मीही शिक्षकांच्या खोलीत त्या बदलाविरुद्ध बोललो होतो. ‘एकोणनव्वद’ हा शब्द मला आवडतो, नव्वदला एक कमी असं आधीच सांगून ठेवणारा. पण त्या रात्री आवाज ‘एकोण’वर तुटला, आणि हा शब्द लहान मुलाला किती वेळ अधांतरी ठेवतो ते मला कळलं. दशक कानावर पडेपर्यंत हातात काहीच नसतं. तेव्हापासून आम्ही अंक सुटे सुटे सांगतो: आठ, नऊ, नऊ, एक. माझं मतही तेवढं बदललं.

भामरागडहून आलेलं सगळ्यांत मोठं अडणं मात्र तिचं नव्हतं, तिच्या वर्गातल्या एका मुलाचं होतं. तिनं वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं घातलं. नदी, एक डोंगा, डोंग्यात माणसाबरोबर एकच वस्तू. वाघ आणि शेळी एकटे राहिले तर वाघ शेळी खाणार, शेळी आणि गवत राहिले तर शेळी गवत खाणार. युरोपात हे कोडं लांडगा, बकरी आणि कोबी असं हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन संग्रहात आहे, तो यॉर्कच्या आल्क्विनच्या नावावर सांगतात. सात फेऱ्यांत सुटतं. पण हा मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, वाघ त पोहते ना जी.”

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम जिथं भेटतात, तिथला तो मुलगा. त्याला नदी पुस्तकातली नाही आणि वाघही नाही. वनरक्षकानं लगेच दुजोरा दिला, वाघ छान पोहतो, उन्हाळ्यात तर तासन्‌तास पाण्यात बसून असतो. मग आम्ही सहा जण आठवडाभर अडलो, आणि इतका आनंदाचा आठवडा मला दुसरा आठवत नाही.

वाघ पोहणारा असेल आणि माणसाचं ऐकणारा असेल, तर काम सोपं होतं. वाघाला आधी पलीकडे पाठवायचं, मग गवत न्यायचं, परत येऊन शेळी न्यायची. डोंग्याच्या तीनच फेऱ्या. पण वाघ ऐकणारा नसेल, मनाला येईल तेव्हा पोहत येणारा असेल, तर? मी दोन दिवस कागद भरले, प्रत्येक वेळी शेळी मेली. लिहिलं, “शेळीला सोडून परत फिरायचं असतं तिथं अडतो.” बल्लारपूरवाल्यानं ते वाक्यच उचललं. वाघ कुठल्याही काठावर येऊ शकतो म्हणजे शेळी कधीच एकटी राहू शकत नाही, माणूस सतत तिच्याबरोबर हवा. डोंग्यात एकाचीच जागा, ती दर फेरीला शेळीची. मग गवताला कधी जागा मिळणार? कधीच नाही. कोडं सुटतच नाही. म्हणजे शेकडो वर्षं हे कोडं सुटत आलंय ते एका न बोललेल्या गोष्टीवर: लांडग्याला, वाघाला पोहता येत नाही. आम्ही सहाही पदवीधर लहानपणापासून ते कोडं सोडवत आलो, आणि आमच्यापैकी एकालाही हे दिसलं नव्हतं. त्या मुलाला दिसलं, कारण त्याला उत्तराची घाई नव्हती. तो कोड्याच्या पहिल्या ओळीवरच थांबला होता.

तेव्हापासून मी जुनी कोडी पहिल्या ओळीपासून वाचतो. लीलावतीतला वेळू घ्या. ११५० मधला ग्रंथ, भास्कराचार्यांचा. बत्तीस हात उंच वेळू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो मोडला किती उंचीवर? कर्ण आणि उभी बाजू यांची बेरीज ३२, त्यांच्या वर्गांतला फरक २५६, म्हणून त्यांच्यातला फरक ८. वीस आणि बारा. बारा हातांवर मोडला. हे मी दहावीला कित्येक वर्षं शिकवलं. वनरक्षकाला विचारलं तेव्हा तो सोडवायच्या आधी म्हणाला, “बांबूच घेतला ते बरं केलं. सागाची फांदी मोडून वेगळी पडली असती.” आमच्याकडचा मानवेल भरीव असतो, मोडला तरी धागे सुटत नाहीत, वरचा भाग तिथंच लटकून राहतो. आणि म्हणूनच त्रिकोण पुरा होतो. भास्कराचार्यांनी हाच विचार केला असेल असं माझं म्हणणं नाही, पण मला आता त्या गणितात बांबूची जागा दुसऱ्या कशालाच देता येत नाही. आणखी एक गोष्ट मला त्या पुस्तकात आवडते. तिथली कोडी हवेत सोडलेली नाहीत, कुणाला तरी हाक मारून विचारलेली आहेत, कधी मित्राला, कधी मुलीला, वेळूच्या कोड्यात एका गणकाला. आणि ते बत्तीसही त्यांनी दोन आधी, तीन नंतर असंच सांगितलंय, आपल्या बत्तीससारखं.

एक जण मात्र आमच्यात टिकला नाही. मध्ये काही महिने सातवा सभासद होता, हुशार, सगळ्यांचा मित्र. तो कोडं पडल्या पडल्या कुठून तरी पूर्ण उत्तर आणून टाकायचा, व्यवस्थित, चुका नसलेलं. दोनदा सांगितलं. त्याला वाटायचं आपण मदत करतोय. शेवटी तोच निघून गेला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याला थांबवायचं कसं ते मला जमलं नाही. दुसऱ्याच्या अडण्याला हात न लावता त्याच्याजवळ बसायचं, हे कौशल्य मी वर्गात वीस वर्षं शिकतोय, आणि ते मला त्याला दोन ओळींच्या मेसेजमध्ये सांगता आलं नाही.

चांगली खूण कशी द्यावी हे आम्ही एकमेकांकडून शिकलो. “वजाबाकी करून बघ” ही खूण नव्हे, तो हुकूम झाला. “ताळा घेतला का?” ही खूण. ती माणसाला त्याच्याच कागदाकडे परत पाठवते.

यंदा ऑगस्टमध्ये भामरागडला पाणी चढलं होतं. चार दिवस तिकडून काही नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी एकदम सात मेसेज आले. शाळा बंद असल्यामुळे तीन-चार मुलं तिच्या ओसरीवर जमली होती, आणि तिनं त्यांना कापरेकरांचा खेळ दिला होता. त्यातल्या एकीनं चारऐवजी पाच अंक घेतले. शेवटच्या मेसेजमध्ये मैत्रिणीनं लिहिलं होतं: “५३९५५ आलं. त्याचं ५९९९४. त्याचं परत ५३९५५. पोरी म्हणतात चुकलं. कुठं चुकलं ते सांगू नका.”

मला ते माहीत होतं. पाच अंकांना कापरेकरांच्या संख्येसारखं एकच गाव नाही, तिथं संख्या गोल फिरतात, आणि हा त्यांतला सगळ्यांत छोटा गोल आहे. बाकीच्या चौघांपैकी कुणाला माहीत होतं ते मी विचारलं नाही, आणि कुणीच काही लिहिलं नाही. मी एवढंच टाकलं: “ताळा घेतला का?”

रात्री नऊला उत्तर आलं. “घेतला. २७ आणि ३६. दोन्ही बसतात.” आणि त्याखाली, बहुधा त्या पोरीनंच तिच्या फोनवरून लिहिलेलं: “मग चुकलं नाही काय जी?”

त्यानंतर दोन दिवस भामरागडहून काही आलं नाही.