पाचवे भोक

साहित्यचर्चेसाठी राखलेल्या या पानांवर हवेच्या रायफलीचा आणि घरी ओतलेल्या गोळ्यांचा विषय काढताना आम्हांला किंचित संकोच वाटतो आहे. आमचा जन्म पुण्याच्या पेठेतला, उपजीविका अध्यापनाची, आणि आजवर हाताळलेले एकमेव शस्त्र म्हणजे तांबड्या शाईचे पेन. तरीही गेल्या शरदात पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गपासून तासाभराच्या अंतरावर, मुलीकडे मुक्कामाला असताना सलग तीन शनिवार आम्ही एका शेतावर बसून गोळ्यांच्या चाचणीची वही लिहिली. त्या वहीत आमच्या हातून एक लबाडी झाली. हा लेख त्या लबाडीविषयी आहे.

गोळ्या मुलीच्या शेजारच्या गृहस्थांच्या. वय अठ्ठ्याहत्तर. तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असते. आमच्या जिभेला ते जड जाते, म्हणून येथे त्यांना काकाच म्हणतो. काकांनी तारुण्यात एका लहान वृत्तपत्रात लायनोटाइप यंत्र चालवले होते. आमचे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते, हे कळताच त्यांनी आम्हांला गॅरेजमध्ये नेले आणि फळीवर रचून ठेवलेल्या करड्या धातूच्या कांड्या दाखवल्या. यंत्र भंगारात गेले तेव्हा त्यांनी धातू विकत घेऊन घरी आणला होता.

ऑटमार मर्गेनथालर यांचे हे यंत्र १८८६ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात प्रथम चालले. आपल्याकडचा खिळेजुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. लायनोटाइपचा कारागीर कळफलकावर अक्षरे दाबी आणि यंत्र वितळलेल्या धातूतून संपूर्ण ओळ अखंड ओतून देई. अंक छापून झाला की ओळी पुन्हा वितळवायच्या आणि त्याच धातूतून दुसऱ्या दिवशीच्या बातम्या ओतायच्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुलै १९७८ मध्ये या पद्धतीचा निरोप घेतला, काकांच्या वृत्तपत्राने त्याच सुमारास. हा धातू म्हणजे सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. ओतलेल्या ओळीला इंग्रजीत ‘स्लग’ म्हणत, आणि हवेच्या रायफलीतून मारायच्या लांबट गोळीलाही आज ‘स्लग’च म्हणतात. काकांचा सारा खेळ या एका शब्दावर उभा होता. चार दशकांहून अधिक काळ मुकी पडून राहिलेली आपली अक्षरे अजूनही नेमक्या जागी पोचू शकतात, एवढे त्यांना पाहायचे होते.

पदार्थविज्ञान मात्र त्यांच्या विरुद्ध होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या आधुनिक रायफलीत दाब चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. काकांच्या रायफलीच्या नळकांड्यात भरलेल्या हवेचा दाब होता तीन हजार पौंड. मोटारीच्या चाकात तीस-पस्तीस असतो, त्या मानाने हा आकडा भयंकर वाटतो. पण बंदुकीच्या हिशेबी तो मवाळच. नळीच्या आत पीळदार खाचा असतात. मऊ शिशाची गोळी त्यांच्याशी सहज जुळवून घेते, फिरकी घेते आणि त्या फिरकीमुळे सरळ जाते. लायनोटाइपचा धातू शुद्ध शिशाच्या सुमारे चौपट कठीण. त्यातच, एकाच साच्यात ओतूनही त्याची गोळी हलकी आणि किंचित जाड निघते. कारण अँटिमनी आणि कथील शिशाहून हलके, आणि हे मिश्रण थिजताना कमी आकसते. दारूच्या आगीपुढे हा कठीणपणा गुण ठरतो. हवेपुढे तोच हट्टीपणा ठरतो.

काकांची शिस्त पाहून आम्हांला संशोधनपद्धतीच्या आमच्या वर्गाची लाज वाटली. भट्टी उघड्यावर, आणि हात स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्याच्या पेल्यालाही स्पर्श नाही. शिसे अंगात भिनते, हे ते छापखान्यातच शिकले होते. प्रत्येक गोळी काट्यावर तोललेली. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध. अंतर पन्नास यार्ड. हवेचा दाब प्रत्येक बारागणिक उतरतो, म्हणून दर वेळी तो पुन्हा त्याच आकड्यावर आणायचा. पाच बार मऊ शिशाचे, मग नळी पुसून पाच बार अक्षरांचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्या दोन शनिवारी मऊ शिशाची पाचही भोके चहाच्या कपाच्या बुडाखाली झाकली जात. अक्षरांच्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरत. तिसऱ्या शनिवारसाठी काकांनी त्या गोळ्या एका कड्यातून दाबून काढल्या, म्हणजे जाडी नळीला नेमकी बसावी. कागद आणायला आम्ही गेलो. चार भोके एकमेकांना जवळजवळ चिकटून होती. पाचवे खालच्या डाव्या कोपऱ्यात, वीतभर दूर. काकांची दृष्टी आता अधू झाली आहे. दुर्बिणीतून लक्ष्य दिसते, हातातले बारीक दिसत नाही. आम्ही चार भोकांचे अंतर मोजले आणि वहीत लिहिले : सव्वा इंच.

ते ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो पाहून आम्ही मनाशी म्हटले, एका म्हाताऱ्या माणसाच्या समाधानापुढे एका भोकाची ती काय किंमत! काकांनी कागद मागून घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि मोजले.

“पाचवे कुठे आहे?”

आम्ही म्हणालो, “ती एक भरकटली. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल.”

“तोलताना तो दिसला नव्हता,” काका म्हणाले. “गोळी मीच मारली. ती मोजायची.”

त्यांनी आमचा आकडा खोडायला लावला आणि आम्ही लिहिले : साडेसात इंच. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रायफल पुसता पुसता ते म्हणाले, “आमच्या यंत्रात एक अक्षर चुकले तर तेवढेच काढता येत नसे. सगळी ओळ पुन्हा ओतावी लागे.”

पिट्सबर्गजवळच ओहायो नदीत ब्रुनो नावाचे बेट आहे. ३० ऑगस्ट १८०३ रोजी मेरिवेदर लुइस पश्चिमेच्या प्रसिद्ध मोहिमेवर निघाले, तेव्हा तेथे थांबून त्यांनी जमलेल्या मंडळींना आपली हवेची रायफल दाखवली. त्या रात्री आम्ही त्यांच्या दैनंदिनीतली ती नोंद वाचली. पंचावन्न यार्डांवरून स्वतः सात बार केले आणि ते बऱ्यापैकी साधले, असे ते लिहितात. लगेच पुढे येते ते असे : एका अनभिज्ञ पाहुण्याच्या हातून रायफल सुटली, गोळी चाळीस यार्डांवरच्या एका स्त्रीची टोपी भेदून तिच्या कानशिलाला चाटून गेली, ती कोसळली, सर्वांना ती गेलीच असे वाटले, मग ती शुद्धीवर आली. ही त्या दैनंदिनीतली पहिलीच नोंद. शुभारंभाच्या पानावरून हा प्रसंग गाळला असता, तर लुइस यांना जाब विचारणारे कोण होते?

आमच्या बॅगेत त्या वेळी एका कवीच्या उत्तरकालीन कवितेवरचा लेख अर्धवट पडला होता. त्या काळात कवीने छंदाचा पूर्ण त्याग केला, हे आमचे प्रतिपादन. त्याच काळातली एक निर्दोष छंदोबद्ध कविता आम्ही ‘अपवाद’ म्हणून आधी तळटीपेत ढकलली होती, आणि नंतर जागेअभावी तळटीपही काढली होती. जागा नव्हती, हे खरे नाही. कविता आमच्या वर्तुळाबाहेर पडली होती, एवढेच.

परतण्यापूर्वी काकांचा निरोप घेतला. उरलेल्या कांड्या त्यांनी वितळवल्या नाहीत. त्या फळीवरच आहेत. रायफलीसाठी ते आता मऊ शिसेच ओततात. पुण्यास येऊन आम्ही ती कविता लेखाच्या मध्यभागी घेतली. तिच्याभोवती जुने प्रतिपादन टिकेना. दोन प्रकरणे मोडून पुन्हा लिहावी लागली, आणि शीर्षकातून ‘त्याग’ हा शब्द गेला. लेख अजून पूर्ण झालेला नाही.