भायखळ्याच्या कपाटातील अजिंठा

लालबाग-परळची मुले भायखळ्याच्या राणीच्या बागेत जातात ती बहुधा पशुपक्षी पाहावयास. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या पायऱ्या त्यांतील थोडीच चढतात. जी चढतात, त्यांना तेथे काही रंगीत, चकचकीत मातीची पात्रे दिसतात. त्यांवरील नक्षी पाहून ती फार प्राचीन असावीत, असा भास होतो. वास्तविक ती एकोणिसाव्या शतकात मुंबईतच घडली. प्राचीन आहे ती नक्षी. कारण ती अजिंठ्याची आहे. ज्या भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले, त्यांच्याच नावाच्या वास्तूत ही पात्रे यावीत, हा योगायोग मोठा सुखद होय.

1872 साली सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास गेले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. अंधाऱ्या लेण्यांतील चित्रे कापडावर उतरविण्याचे ते काम, मधली काही वर्षे सोडता, 1885 पर्यंत चालले. त्याच शाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली कुंभारकाम चाले. सिंधमधील कुंभारांचे कसब तेथे आणलेले होते. तेव्हा अजिंठ्याच्या भिंतींवरील नक्षी मातीच्या पात्रांवर उतरली.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. भिंत सपाट, पात्र गोल; सरळ वेल पोटावर ताणावी लागते, गळ्यापाशी आवळावी लागते. शिवाय रंग लावताना दिसतो तसा तो राहत नाही. कोबाल्टचा काळपट लेप भट्टीतून निळा होऊन निघतो. चितारणाऱ्याने डोळ्यांपुढील रंग न पाहता उद्याचा रंग मनात धरून कुंचला चालवावयाचा! त्यावर बसते ती झिलई, म्हणजे काचेचाच एक पातळ थर.

प्राचीनांच्या हाताशी आपला हात जुळवून पाहण्याचा ध्यास त्या शतकात इतरत्रही होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ‘पोर्टलंड’ नावाचे रोमन काचपात्र सुमारे दोन हजार वर्षांचे. गर्द निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर, आणि तो कोरून काढलेल्या आकृती. 1845 साली एका प्रेक्षकाने त्याचे तुकडे तुकडे केले. ते पुन्हा सांधण्यात आले. पुढे जॉन नॉर्थवुड या इंग्रज कारागिराने तसेच पात्र काचेतच कोरावयास घेतले. सुमारे तीन वर्षे तो पोलादी हत्यारांनी पांढरा थर कणाकणाने खरवडीत होता. 1876 साली ते पुरे झाले.

अजिंठ्याच्या नकलांचे नशीब मात्र खडतर. ग्रिफिथ्सच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेल्या चित्रांपैकी बहुतेक 1866 साली लंडनमधील आगीत गेली. ग्रिफिथ्सच्या मंडळींची कितीतरी चित्रे 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाली. याहून वाईट गोष्ट वेगळीच. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सनी मुळावर व्हार्निश चढविले होते. ते पिवळे पडून मूळ रंगच झाकोळले. हेतू वाईट नव्हता, पण चित्रांना त्याचे काय! पुढे निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणवून त्यांची डागडुजी केली.

भायखळ्याच्या पात्रांवरील रंग आगीतूनच निघालेले आहेत. त्यांना भय आहे ते फक्त हातातून निसटण्याचे.