नाल्यातून येणारी नदी

कोल्हापूरला गेलो ते ब्रह्मपुरीच्या ओढीने. पंचगंगेकाठच्या या टेकाडावर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकाळचं नगर उजेडात आलं. ब्रह्मपुरीचा ब्राँझचा पोसायडन टाउन हॉल संग्रहालयात आहे. ग्रीकांचा समुद्रदेव सह्याद्री ओलांडून इथवर पोचला! त्याच्यापुढून पाय निघेना, म्हणून अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळा तलाव घाईतच उरकले.

मुक्काम शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरजवळच्या लॉजवर. खोली तळमजल्यावरची, भिंत फुगलेली, वास कुबट. तक्रार केली तर मॅनेजर म्हणाला, "पुराची ओल हाय साहेब, रंगानं जाईना." मग ब्रह्मपुरी राहिली बाजूला आणि मी याच पेठेत फिरत राहिलो.

रेल्वे १८९१ मध्ये आली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. तिची कुंभार गल्ली गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्यांची, आणि पुराच्या वाटेतली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. २०१९ ला पुरानंतर महिन्याच्या आत गणेश चतुर्थी होती. "पाणी नदीकडनं न्हाई आलं, नाल्यातनं आलं," मूर्ती घासता घासता एक मावशी म्हणाल्या. फुगलेली पंचगंगा जयंती नाल्याचं पाणी मागे रेटते आणि तेच गल्लीत शिरतं. कच्च्या मूर्तीला पाणी लागलं की वर्षाची कमाई गेली. त्यात पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, म्हणजे भाविक नाहीत आणि लॉजही रिकामे.

संध्याकाळी इतिहासाच्या एका अभ्यासकांशी वाद झाला. त्यांचा सगळा राग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर. मी म्हटलं, पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने महापुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. ते ऐकेनात. धरणाच्या पाण्याची चर्चा व्हायलाच हवी, पण ती रंगली की नाल्याकाठच्या बांधकामांचा विषय मागे पडतो, याचा मला संताप येतो. सातवाहनकाळचं नगर टेकाडावर होतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं! त्यात आता घाटमाथ्यावर थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस कोसळण्याचे प्रसंग तापत्या हवेत वाढणार आहेत.

म्हणून पुराआधी मूर्ती हलवायला महापालिकेने उंचावर हक्काची जागा द्यावी. आणि तुम्ही इथली मूर्ती घेत असाल, तर पैसे जूनमध्येच द्या; मूर्ती वर न्यायला टेम्पोचं भाडं तेव्हाच लागतं.