अंतराळातला हवालदार

दिवाळीच्या दिवसांत कपड्यांविषयी चार शब्द जास्त बोलले तरी कोणी रागावत नाही, म्हणून बोलतो. माणूस उद्या सूर्यमालेबाहेर गेला, प्रकाशाला मागे टाकून धावू लागला, पैसाअडका कशाशी खातात तेही विसरला, तरी एक वस्तू तो बरोबर नेणारच; ती म्हणजे बाहीवरची फीत! हे भाकीत माझे नव्हे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची मालिका सुरू झाली आणि तिच्या लेकीनाती अजून जन्मत आहेत. तिच्या कर्त्यांनीच ते करून ठेवले आहे.

आमच्या घरात ही मालिका भाच्याने आणली. तो तिच्यातली यंत्रे पाही, मी कपडे पाही आणि आमच्या सौभाग्यवती माणसे पाहत. जहाजावर तीन रंगांचे सदरे. हुकूम सोडणारे सोनेरी सदऱ्यात, शास्त्रज्ञ आणि डॉक्टर निळ्यात, यंत्रे सांभाळणारे व पहारा करणारे तांबड्यात. कॅप्टनच्या बाहीवर दोन अखंड फिती आणि त्यांच्यामध्ये एक तुटक. लेफ्टनंटाच्या बाहीवर एकच. आणि कित्येकांच्या बाह्या साफ कोऱ्या! चार-पाच भाग पाहून झाल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "तांबडा सदरा आणि कोरी बाही दिसली, की तो बिचारा चहाच्या वेळेपर्यंत राहत नाही." तिकडच्या प्रेक्षकांत यावर विनोद रूढ आहे, हे आम्हांला मागाहून कळले. मुख्य इंजिनिअर स्कॉटी आणि संदेश सांभाळणारी उहुरा हीही तांबड्यातच असत आणि सुखरूप परतत. पण त्यांना नावे होती. कोऱ्या बाहीच्या माणसाचे नाव आपल्याला बहुधा तो मेल्यावरच कळे, आणि कधी तेवढेही नाही.

हे कपडे बेतले विल्यम वेअर थीस नावाच्या कसबी माणसाने. गंमत अशी, की कॅप्टनचा तो सोनेरी सदरा मुळात सोनेरी नव्हताच, हिरवट होता! स्टुडिओच्या दिव्यांखाली आणि फिल्मवर तो सोनेरी दिसे. दुकानातल्या दिव्याखाली पसंत केलेली साडी घरी आणल्यावर ज्यांनी उन्हात धरून पाहिली असेल, त्यांना याचे नवल वाटायला नको. कापड मखमलीच्या जातीचे. प्रत्येक धुण्याला ते आटे आणि नटांचे सदरे वर चढत. तिसऱ्या वर्षी शेवटी नायलॉन आणावे लागले. पुढे १९८७ साली दुसरी मालिका निघाली, तेव्हा अंगाला चिकटणारे अखंड कपडे आले आणि त्यांच्या ताणाने कॅप्टन झालेल्या पॅट्रिक स्टुअर्टची पाठ धरली. मग लोकरी कपड्याचे दोन तुकडे केले, तर वरचा डगला बसताउठता वर सरके आणि कॅप्टनसाहेब तो झटक्याने खाली ओढत. आकाशगंगा पालथी घालणाऱ्यांना अंगाबरोबर बसणारा एक सदरा साधू नये, हे वाचून माझा जीव जरा भांड्यात पडला. शाळेतली मुले नवा गणवेश घालून येतात तो दिवस मला आठवला.

या साऱ्याचा जनक जीन रॉडनबेरी. दुसऱ्या महायुद्धात त्याने बाँबफेके विमान चालवले होते. पुढे तो लॉस एंजलिसच्या पोलिसांत शिरला आणि सार्जंटपर्यंत चढला. सैन्याचा थाट त्याला जहाजावर नको होता. समुद्रावरच्या आरमारी कॅप्टनला चार पट्टे असतात. याच्या कॅप्टनला अडीच पुरले. जहाजावरचा प्रत्येक जण शिकलेला अंतराळवीर, म्हणजे अधिकारीच, अशी त्याची कल्पना. १९७९ च्या चित्रपटात तर इतके सौम्य, राखी-पांढुरके कपडे आले, की लोकांनी त्यांना झोपण्याचे कपडे ठरवले. १९८२ च्या चित्रपटाचा दिग्दर्शक निकोलस मेयर याने ते काढून टाकले आणि ऐटदार गडद तांबडे डगले चढवले. सारा थाट पुन्हा आरमारी! रॉडनबेरीला ते रुचले नाही. प्रेक्षकांना मात्र ते फार आवडले. फितीचे प्रेम नुसते वरून लादलेले नसते. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतही असते.

मला त्या माणसाचे एकच कोडे वाटते. स्वतः सार्जंट असलेल्या गृहस्थाच्या जहाजावर सार्जंटाला जागा असू नये?

हे मी विचारतो याला कारण आहे. माझे वडील पोलिसांत हवालदार होते. नाईकाच्या दोन फितींवरून ते हवालदाराच्या तीन फितींवर आले, त्या रात्री आईने दिव्याखाली बसून जुन्या फिती उसवल्या. खाकी कापड सगळे विटलेले, आणि फितीखालचा भाग मात्र नव्यासारखा गडद. तो झाकला जाईल अशा बेताने तिने नव्या फिती टाचल्या. दुसऱ्या दिवसापासून अण्णांचे नाव गेले. गल्लीत, बाजारात, देवळात ते 'हवालदार' झाले आणि आई 'हवालदारीणबाई'.

एका गणेशविसर्जनाला मी त्यांच्याजवळ उभा होतो. पुलावर गर्दी तुंबली. खांद्यावर दोन चांदण्या लावलेले कोवळे फौजदारसाहेब अण्णांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "हवालदार, आता काय करायचे हो?" अण्णा टाचा जुळवून तितक्याच हळू म्हणाले, "साहेब, आपण लोकांना घाटाच्या अंगाने वळवावे." मग साहेबांनी तोच हुकूम मोठ्या आवाजात सोडला आणि अण्णांनी सर्वांत आधी तो पाळला. गर्दी सुटली. घरी येताना मी काही बोलणार, तोच अण्णा म्हणाले, "पोरगा शिकेल. आवाज चांगला आहे त्याचा."

तर मी ज्याची वाट पाहत होतो तो गृहस्थ मला दुसऱ्या मालिकेत भेटला. माइल्स ओब्रायन; काम केले आहे कोलम मीनी या नटाने. या मालिकेत बाहीवरच्या फिती जाऊन कॉलरवर सोन्याच्या टिकल्या आल्या होत्या. कॅप्टनला चार, आणि तशाच उतरत्या. ओब्रायनला पहिल्या भागात नावही नव्हते. कॉलरवर एक टिकली होती. पुढे त्याला माणसांची ने-आण करणाऱ्या यंत्रापाशी उभे केले आणि दोन टिकल्या दिल्या, म्हणजे लेफ्टनंटाच्या! सगळे मात्र त्याला 'चीफ' म्हणत. १९९० च्या 'फॅमिली' नावाच्या भागात एक म्हातारा त्याला भेटतो आणि आपणही असेच चीफ होतो, अधिकारी नव्हे, असे कौतुकाने सांगतो. अंतराळात हवालदार आहे हे असे बोलता बोलता ठरून गेले. कॉलरवर टिकल्या मात्र त्याच दोन! मग केव्हातरी त्या जाऊन एकच पोकळ, काळी टिकली आली. १९९३ च्या 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत तो गेला, आणि तिथे बऱ्याच काळाने त्याला फितींच्या आकाराचे स्वतःचे चिन्ह मिळाले. कॅप्टनचे चिन्ह ठरवायला कोणाला एवढी वर्षे लागली नव्हती.

याच माणसाला मालिकेने बायको दिली, मूल दिले, नवराबायकोची भांडणे दिली. स्थानकावर काही बिघडले, की ज्यांच्या कॉलरवर जास्त टिकल्या तेही त्यालाच हाक मारत. तो "येस, सर" म्हणे आणि दुरुस्त करी. ते पाहताना सौभाग्यवती माझ्याकडे बघून गप्प राहत. अण्णांना त्यांनी पाहिले होते.

ती मालिका १९९९ मध्ये संपली. शेवटच्या भागात ओब्रायन कुटुंबासह पृथ्वीवर परत निघतो. अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत त्याला यंत्रविद्येचा प्राध्यापक नेमले आहे. उद्याचे सगळे लेफ्टनंट आणि कॅप्टन त्याच्यापुढे बाकावर बसणार! मी मॅट्रिकवर थांबलेला मास्तर. माझी कित्येक मुले आज माझ्याहून फार मोठ्या खुर्च्यांवर बसलेली आहेत. भाच्याला तो भाग मी पुन्हा एकदा लावायला सांगितला. वर्गात शिरताना चीफ कोणते चिन्ह लावून गेले, ते मला पाहायचे होते. पण मालिका त्या वर्गापर्यंत पोचतच नाही.