खोली आहे का?

आमच्या गावात हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि मिसळ. तिथे कोणी मुक्काम करीत नाही. मुक्काम करायचा तो लॉजवर, आणि लॉजवर उतरणाऱ्याकडे गाव जरा संशयानेच पाहते. परगावी रात्र काढायची वेळ आली तर मावशी, मामा, चुलता, कोणीतरी असतेच. कोणीच नसेल तर एस.टी. स्टँड आहे. सांगायचे म्हणजे, पैसे मोजून राहायला खोली घेण्याचा प्रसंग आमच्या घरात माझ्या आठवणीत तरी कोणावर आला नव्हता. तो पहिल्यांदा आला तो माझ्यावर, आणि तोही एकदम लंडन शहरात!

हा प्रसंग आणला माझ्या आत्याने. सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य घालवून ती निवृत्त झाली. फंडाचे पैसे हाती आले तेव्हा घरावर एक मजला चढवावा, असे सर्वांचे मत पडले. आत्या म्हणाली, "मजला राहू द्या. मला बाबासाहेबांचं लंडनचं घर बघायचंय." हे घर म्हणजे किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे. लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले, तेव्हापासून आत्याच्या मनात ते भरले होते. सोबत कोण? तर घरात इंग्रजी वाचू शकणारी मी एकटीच. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळे येते असा घरच्यांचा समज आहे. तो दूर करण्याचे धैर्य माझ्यात कधीच नव्हते.

अशा रीतीने २०२४ च्या उन्हाळी सुट्टीसाठी लंडनमध्ये हॉटेल निवडण्याचे काम माझ्याकडे आले. व्हिसाच्या अर्जाला प्रत्येकी ११५ पौंड भरतानाच आम्हाला घाम फुटला होता, आणि पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या वर होता. तेव्हा राहण्याच्या खर्चात पै-पै वाचवायची, असा मी मनाशी निश्चय केला. पंधरा रात्री फोनवर नकाशा उघडून बसले. परीक्षेचा अभ्यास मी इतक्या निष्ठेने कधी केला नसेल!

त्या पंधरा रात्रींत पुष्कळ शिकले. 'सेंट्रल लंडन' हा शब्द रबरासारखा ताणता येतो, हा पहिला धडा. तिथल्या भुयारी रेल्वेने शहराची एकात एक रिंगणे पाडली आहेत. मधले पहिले, त्याबाहेरचे दुसरे, आणि प्रवासाचे भाडे या रिंगणांवर ठरते. चौथ्या-पाचव्या रिंगणात हॉटेल स्वस्त मिळते खरे, पण वाचलेले पैसे भाड्यात जातात आणि शिवाय रोजचे दोन तास. दुसरा धडा असा की, 'डबल' म्हणजे दोघांना मिळून एक मोठा पलंग आणि 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे पलंग. तिसरा, न्हाणीघर खोलीतच आहे की साऱ्या मजल्याला मिळून एक, हे बघून घ्यावे. चौथा, रद्द केल्यास पैसे परत न मिळणारी खोली स्वस्त असते. पाचवा, विमान सकाळी उतरले तरी खोली दुपारी दोन-तीनच्या आधी सहसा मिळत नाही. तोवर सामान ठेवून घेतील का, हे आधीच विचारावे.

सगळ्याचा विचार करून मी ब्लूम्सबरी हा भाग निवडला. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाइनची गाडी पकडली की मध्ये कुठेही न बदलता थेट रसेल स्क्वेअर स्टेशनला उतरता येते. ज्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बाबासाहेब वाचत बसत ते म्युझियम तिथून जवळ, आणि त्यांची लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही पायी जाण्याच्या अंतरावर. खोली मिळाली दोन पलंगांची, रोज ८५ पौंड, न्हाणीघर सामाईक, पैसे परत न मिळण्याच्या बोलीवर. आसपासच्या हॉटेलांहून बरीच स्वस्त. मी विजयी मुद्रेने आत्याला सांगितले. ती म्हणाली, "तू बघितलंस ना? मग झालं."

मी सगळे बघितले होते. एक गोष्ट सोडून. आत्याचे गुडघे.

तासाभराच्या प्रवासानंतर रसेल स्क्वेअरला उतरलो. हे स्टेशन जमिनीखाली खूप खोल आहे. वर यायला १७५ पायऱ्यांचा गोल जिना आहे, पण लोक लिफ्टनेच येतात. आम्हीही आलो. हॉटेल म्हणजे विटांच्या जुन्या घरांची एक रांग होती. त्या भागात अशा घरांची पुष्कळ हॉटेले झाली आहेत. वारसा म्हणून नोंद झालेल्या इमारतीत फेरफार करायला परवानगी लागते, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी लिफ्ट बसवलेली नसते. आमच्या हॉटेलातही नव्हती. तशी सूचनाही त्यांनी माहितीच्या तळाशी स्पष्ट दिलेली होती. किंमत वाचून झाल्यावर मी तळापर्यंत गेलेच नव्हते. खोली तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या अठ्ठावन्न, मी मोजल्या. आत्या कठड्याला धरून चढली, मध्ये दोनदा थांबली आणि हसून म्हणाली, "गंमतच आहे. जमिनीच्या खाली लिफ्ट आणि जमिनीच्या वर जिना!"

त्या रात्री मला जाग आली तेव्हा ती अंधारात गुडघ्यांना मलम चोळत बसली होती. न्हाणीघर अर्धा जिना खाली होते. ती उठली, हळूच दार लावून घेतले, आणि तिची पावले मला ऐकू येत राहिली. एक पायरी, थांबणे, पुन्हा एक पायरी. मी झोपेचे सोंग घेऊन पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तीनदा खालच्या काउंटरपाशी गेले. खालच्या मजल्यावर एखादी खोली आहे का, एवढेच विचारायचे होते. वाक्य मी इंग्रजीत मनाशी घोकून ठेवले होते. पहिल्यांदा गेले आणि न्याहारीची वेळ विचारून परत आले. ती भिंतीवरच लिहिलेली होती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दुसरे पाहुणे उभे होते. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या बाईंनी आपण होऊन विचारले, काही हवे आहे का? मी म्हटले, नाही, सगळे छान आहे! त्या जास्त पैसे मागतील ही भीती होतीच. पण खरे कारण निराळे होते. माझे इंग्रजी ऐकून त्या हसतील, आणि स्वस्तातली खोली घेऊन वर तक्रार करणारे हे कोण, असे म्हणतील, असे मला वाटत होते.

तिसऱ्या दिवशी किंग हेन्रीज रोडला गेलो. दुमजली बसमध्ये वर बसायची मला फार हौस, पण आत्यासाठी खालीच बसलो. चॉक फार्म स्टेशनपासून ते घर थोड्याच अंतरावर आहे. शांत रस्ता, एकाला एक लागून घरे. भिंतीवर बाबासाहेबांच्या नावाची गोल निळी पाटी. आत्याने हात जोडले, हळू आवाजात 'जय भीम' म्हटले आणि मान वर करून घराचे मजले बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांची खोली कितव्या मजल्यावर असेल गं?"

मला उत्तर देता आले नाही. थोडे पुढे गेल्यावर आम्ही एका बाकावर टेकलो, आणि आत्या बडोद्याची गोष्ट सांगू लागली. आमच्या घरात ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. १९१७ साली बाबासाहेब परदेशात शिकून आले आणि बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, पण गावात राहायला खोली कोणी देईना. शेवटी एका पारशी उतारशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना तिथून बाहेर काढले. कोणाही मित्राच्या घरी आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे.

गोष्ट मला पाठ होती. आत्या पुढे काय बोलेल, ते मात्र माहीत नव्हते.

"त्यांनी मागितली तर मिळाली नाही," ती म्हणाली, "आणि तुला मागायचीच लाज वाटली. तीनदा खाली जाऊन आलीस. मला काय कळत नाही होय?"

ती रागावली नव्हती. रुग्णाच्या जखमेवरची पट्टी काढताना ती ज्या आवाजात बोलत असेल, त्याच आवाजात बोलली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. आत्याने पर्समधून रुमाल काढून दिला आणि म्हणाली, "चल, उठ. मला धर जरा."

संध्याकाळी मी काउंटरवर गेले. घोकलेले वाक्य अर्धेच आठवले. उरलेले मी गुडघ्यावर हात ठेवून पुरे केले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी संगणकात पाहिले आणि सांगितले, उद्या दुपारी तळमजल्यावरची एक दोन पलंगांची खोली मोकळी होते आहे, ती घ्या. जास्तीचे पैसे नकोत. मग त्यांनी विचारले, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितले?"

परत आल्यावर आमच्या इतिहासाच्या सरांना ही हकीकत सांगितली. सर म्हणाले, त्याच भागात फिट्झरॉय स्क्वेअरला इंडियन वाय.एम.सी.ए. आहे. १९२० सालची संस्था, भारतीय विद्यार्थ्यांसाठी काढलेली. आज इतर प्रवासीही तिथे उतरतात आणि आपल्याकडचे जेवण मिळते. "जाण्याआधी मला का नाही विचारलंस?" असे म्हणून ते थांबले. पंधरा रात्री मी फोनला सगळे विचारले. माणसांना विचारायचे राहून गेले.

आता वर्गातल्या मैत्रिणी मला विचारतात, परदेशात हॉटेल कसे निवडावे? मी त्यांना रिंगणे सांगते, डबल आणि ट्विन सांगते, माहिती तळापर्यंत वाचा असे सांगते. पण सगळ्यात आधी हे सांगते की, सोबत येणाऱ्या माणसाला विचारा, तुला काय झेपेल? आणि मग हॉटेलवाल्याला विचारा, मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, पण विचारा. पिढ्यान् पिढ्या ज्यांना दारातूनच परत पाठवले, त्यांच्या लेकरांना दारात उभे राहून 'खोली आहे का?' म्हणणे सोपे नसते. प्रश्न पाचच अक्षरांचा असला, तरी तो विचारायचा अधिकार आपल्याला कोणीतरी मिळवून दिला आहे. तो न वापरता परत फिरणे, ही काही काटकसर नव्हे.

तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही शेवटच्या दोन रात्री राहिलो. तिला रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी होती. मे महिन्यात तिथे पहाटे पाचलाच उजाडते. मी जागी झाले तेव्हा आत्या खिडकीशी खुर्ची ओढून, पाय लांब करून चहा पीत बसली होती. रात्री एकदाही मलमाचा वास आला नव्हता.