अडतिसावा नंबर

मराठी माणसास दिवसांतून किती वेळां इंग्रजी शब्दांकडून रांगेंत उभें केलें जातें, याचा हिशेब वाचकांनीं एखादे दिवशीं करून पाहावा. रेशनला 'नंबर' लावावा, गाडीचें 'सेकंड क्लास'चें तिकीट काढावें, मुलगा 'फर्स्ट' आला कीं पेढे वाटावे आणि 'लास्ट' आला कीं गप्प बसावें. रेल्वेनें १९७४ सालीं 'थर्ड क्लास' मोडला, तेव्हां तळेगांवास उतरणारे आमचे गांवकरी एका रात्रींत 'सेकंड'चे उतारू झाले. माणसें तींच, गर्दीही तीच. शब्द तेवढा एक पायरी वर चढला.

याबद्दल इंग्रजीस दोष देण्यापूर्वीं थोडें थांबावें. तिच्या आधीं हेंच काम फारशी-अरबीनें केलें होतें. दर्जा, हुद्दा, अव्वल, दुय्यम हे त्या दरबारचे पाहुणे. तहसील कचेरींत 'अव्वल कारकून' बसत असत, आणि दस्त नोंदविण्याच्या कचेरींत 'दुय्यम निबंधक' आजही खुर्चीवर बसलेले आहेत. उलट ज्या 'इयत्ता' शब्दास पुष्कळ मुलें परका समजतात, तो संस्कृत. त्याचा मूळ अर्थ 'इतकेपणा', म्हणजे मोजमाप, एवढाच. खुद्द इंग्रजीची गंमत तर याहून मोठी. 'फर्स्ट', 'थर्ड', 'फोर्थ' हे तिचे घरचे शब्द. 'सेकंड' मात्र उसना! जुन्या इंग्रजींत दुसऱ्याला 'अदर' या शब्दाचेंच जुनें रूप लावीत. त्यांतून 'क्रमानें दुसरा' आणि 'निराळा' असे दोन्ही अर्थ निघत. पुढें फ्रेंचांकडून आलेला लॅटिन कुळांतला 'सेकंड', म्हणजे 'मागोमाग येणारा', त्या जागीं रुळला. आपल्या 'दुसरा' या शब्दांत मात्र ते दोन्ही अर्थ अद्याप एकत्र नांदत आहेत. 'दुसरा मुलगा पाठवा' असें गुरुजींनीं म्हटलें, तर रांगेंतला दुसरा कीं कोणी निराळा, हें त्यांच्या मुद्रेवरूनच ओळखावें लागतें. 'लास्ट संडे' याचें भाषांतर 'शेवटचा रविवार' असें करून आम्ही एकदां साऱ्या वर्गास हसविलें होतें, तेंही येथें कबूल करून टाकतों.

असो. आम्हांस सांगावयाचें आहे तें 'नंबर' या शब्दाविषयीं. आमच्या परंदवडीसारख्या मावळांतील गांवीं हा शब्द शाळेच्या वाटेनें आला नाहीं. तो शेताच्या बांधावरून आला. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं आपल्याच जिल्ह्यांत, इंदापूर तालुक्यांत, १८३६ च्या सुमारास जमिनीच्या मोजणीची नवी पद्धत बसविली. पुढें ती मुंबई इलाख्यांत पसरली आणि शेताशेतास 'सर्व्हे नंबर' मिळाला. या नंबरांत मान नाहीं, अपमान नाहीं. तें शेताचें नुसतें नांव. जमिनीची योग्यता ठरे ती 'प्रतबंदी'नें. मातीची खोली व पोत पाहून नऊ प्रती पाडीत, आणि उत्तम प्रत सोळा आणे धरून अगदीं शेवटच्या प्रतीस दोन आणे देत. नंबर वेगळा आणि योग्यता वेगळी, हें शेतकऱ्यास पक्कें ठाऊक होतें. शाळेनें मात्र नंबरालाच योग्यता करून टाकलें.

१९६४ सालीं आम्ही हायस्कुलांत जाऊं लागलों. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला. वर्गांत एकेचाळीस मुलें, आणि आमचा नंबर अडतिसावा. प्रगतिपुस्तक सदऱ्याच्या आंत दडवून घरीं आलों, तों आजी ओसरीवर तांदूळ पाखडीत बसलेली. तिनें मान वर न करतां विचारलें, "कितवा नंबर आला रं?"

खोटें बोलण्याचें धैर्य झालें नाहीं. "अडतीस," आम्ही म्हणालों.

आजीचे हात थांबले. तिचा चेहरा असा उजळला कीं आम्ही गोंधळून गेलों. "अडतीस? आरं, वढ्याकडचं खाचर आपलं! सोळा आण्याचं!" असें म्हणून ती आंत गेली व गुळाचा खडा आणून तिनें आमच्या तळहातावर ठेवला. शेजारचा मुलगा वर्गांत पहिला आला होता. आमच्या गांवीं नंबर एक म्हणजे डोंगराच्या पायथ्याचें खडकाळ वरकस. आजी स्वतः उठून त्याच्या आईचें समाधान करून आली.

वडील दारांत उभे राहून हें सर्व ऐकत होते. ते हंसले नाहींत, रागावलेही नाहींत. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत त्यांनीं प्रगतिपुस्तकावर सही केली आणि एवढेंच म्हणाले, "म्हातारीला काय बी सांगू नगंस." तो गूळ आम्हांस जितका कडू लागला, तितकी छडीही कधीं लागली नाहीं. त्या वर्षीं आम्ही खरोखर अभ्यास केला. पहांटे उठून पाठांतर केलें, गणितें पुन्हां पुन्हां सोडविलीं, आणि पुढल्या निकालांत आमचा नंबर एकोणिसावा आला.

या वेळीं प्रगतिपुस्तक दडविलें नाहीं. धांवतच ओसरीवर गेलों आणि तिनें विचारण्याच्या आधींच सांगून टाकलें.

आजीनें सूप खालीं ठेवलें व बराच वेळ आमच्याकडे पाहिलें. "एकोणीस?" ती हळूच म्हणाली. "आरं पोरा, त्यो नंबर तर आपला न्हाई."